घरच्या सुईचा इतिहास

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटला, म्हणजे लेखकाची लेखणी आपोआप काही ठरावीक वाटांनी चालू लागते. श्रीसंत नामदेवरायांपासून आरंभ करावा, पंढरीच्या वारीचा उल्लेख करावा, पेठांतून आपली दुकाने कशी थाटली गेली ते सांगावे, वसतिगृहे व धर्मशाळा ज्यांच्या औदार्याने उभ्या राहिल्या त्यांची नामावळी द्यावी आणि तरुण पिढीस चार शब्द उपदेशाचे सांगून लेख आटोपता घ्यावा, अशी ही रूढ रीत आहे. ती रीत वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु या साऱ्या इतिहासात एक मोठी उणीव राहून गेली आहे, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. आपला शिंपी समाज सुईवर जगला. त्या सुईने दुकानात जे शिवले तेवढेच आपण इतिहासाच्या खात्यावर जमा केले. त्याच सुईने घरात, जेवणखाण आटोपल्यावर दिव्याच्या उजेडात, लेकीसाठी, नातवासाठी, भाच्यासाठी जे शिवले, त्याची नोंद मात्र कोणीच ठेवली नाही. प्रस्तुत लेख त्या विसरलेल्या सुईविषयी आहे.

दुकानची सुई आणि घरची सुई या सख्ख्या बहिणी खऱ्या. परंतु त्यांचे स्वभाव भिन्न. दुकानच्या सुईला माप असते. गिऱ्हाईक येते, अंगाचे माप घेतले जाते, कापड बेतले जाते, मजुरी ठरते, वायदा ठरतो. कपडा गिऱ्हाइकाच्या हाती पडला आणि पैसे गल्ल्यात पडले, म्हणजे त्या शिवणीशी आपला संबंध संपला. घरच्या सुईला ना मजुरी, ना वायदा. तिचे माप डोळ्यांत असते. सहा महिन्यांचे मूल वर्षाचे होईपर्यंत किती वाढेल, याचा अदमास आजीला गजाविना येतो आणि ती त्या मानाने शिवणीत कापड दडवून ठेवते. मूल वाढले की टाके उसवून अंगरखा मोठा करावयाचा. ही दूरदृष्टी दुकानात कोणी विकत घेत नाही.

या घरच्या सुईचे भांडवल मात्र दुकानातूनच येई. चोळीच्या बाहीतून निघालेला त्रिकोण, सदऱ्याचा गळा कापल्यावर उरलेला गोल तुकडा, अस्तराची पट्टी, खणाची किनार, असले कातरण संध्याकाळी दुकान झाडताना एका गाठोड्यात जमा होई. परक्यास ती चिंधी दिसे. घरातील बायकांस त्यात पुढल्या बारशाची कुंची दिसे.

नामदेवरायांचा उल्लेख आम्ही वर रूढ रीत म्हणून केला, परंतु या विषयात त्यांचे स्मरण केवळ रीतीपुरते नाही. इ. स. १२७० मध्ये दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी जन्मलेल्या या महापुरुषाच्या घरचा धंदा कपडे शिवण्याचा. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. पण त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही आपल्या दुकानातील हत्यारे रूपके होऊन आली आहेत, हे कितीजणांस ठाऊक असेल? धंद्याची हत्यारे त्यांनी धंद्याबाहेर नेली आणि जिच्यावर मजुरी नाही अशा शिवणीस लावली. घरी नातवाची कुंची शिवणारी आजी आपल्या परीने तेच करीत नव्हती काय?

आता ही घरची सुई कोणकोणत्या भेटी निर्माण करीत असे, ते पाहू.

पहिली भेट बाळंतविड्याची. बाळंतिणीस व तान्ह्या मुलास सगेसोयरे जी भेट नेत, तीत आंगडे, टोपडे, दुपटे आणि कुंची यांस मोठा मान. दुपट्यासाठी नवे कापड घेणे हे अडाणीपणाचे समजले जाई. धुऊन धुऊन मऊ झालेले आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर हेच त्यास योग्य, कारण नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या कातडीस सोसत नाही. म्हणजे मूल जगात येताच पहिल्या प्रथम पांघरी ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावरचे वस्त्र. कुंची मात्र नव्या खणाची. डोक्यावर टोकदार टोपी आणि तिलाच जोडलेली, पाठीवर रुळणारी झूल. कडेला झालर, टोकास गोंडा. कान झाकले जावेत, पाठ उबदार राहावी आणि बाळ उघड्या डोक्याने उन्हावाऱ्यात जाऊ नये, इतका विचार त्या एवढ्याशा वस्त्रात साठविलेला आहे.

दुसरी भेट संक्रांतीची. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीस काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, तसेच लहान मुलाच्या बोरन्हाणास काळे झबले व हलव्याचाच मुकुट-हार, ही चाल आजही पुष्कळ घरांतून पाळली जाते. हलवा करणे हे चिकाटीचे काम. तीळ किंवा खसखस परातीत घेऊन खाली मंद विस्तव ठेवावयाचा, साखरेचा पाक थोडा थोडा सोडावयाचा आणि बोटांनी सारखे हलवीत राहावयाचे. तेव्हा कोठे दाण्यावर काटा चढू लागतो. घाई केली की काटा मोडतो. मग एकेक दाणा दोऱ्यात गुंफून हार, बांगड्या, बिंदी करावयाची. सोने सोनाराकडून आणता येते. पण हा दागिना सासूने स्वतः बसून करावा लागे, आणि परक्या घरातून आलेल्या मुलीस त्यातून जे समजावयाचे ते समजे.

तिसरी आणि सर्वांत मोठी भेट गोधडीची. काही भागांत हिलाच वाकळ म्हणतात. जुनी लुगडी व धोतरे धुऊन, विरलेला भाग काढून, सारवलेल्या जमिनीवर थर घालावयाचे; वरच्या थरास रंगीत तुकडे जोडावयाचे; मग चारी बाजूंनी बायका बसून कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाच्या. लहान टाका घालणारीचा हात आणि लांब टाका घालणारीचा हात गोधडीवर निरनिराळा ओळखू येतो. लेक सासरी निघाली की रुखवताबरोबर गोधडी, मुलगा शिक्षणासाठी परगावी निघाला की वळकटीत गोधडी, लेकीस मूल झाले की छोटी गोधडी. आपल्या समाजातील किती मुले वसतिगृहाच्या फरशीवर आईच्या गोधडीवर निजून शिकली, याची गणती कोणत्याही अहवालात सापडावयाची नाही.

येथे शिवणयंत्राचा विचार करणे प्राप्त आहे; कारण आपल्या धंद्यात त्याच्याइतकी उलथापालथ दुसऱ्या कशानेही केली नाही. अमेरिकेत एलियास होव्ह याने १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये यंत्राचे पेटंट मिळविले. पुढे ही यंत्रे हिंदुस्थानात आली, आणि १९३०च्या दशकात कलकत्त्यास ‘उषा’ हे देशी यंत्रही तयार होऊ लागले. यंत्रांविषयी महात्मा गांधींची नाखुषी प्रसिद्धच आहे. परंतु १९२४ मध्ये त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नी हाताने शिवण करून थकते हे पाहून सिंगरने तिच्यावरील प्रेमापोटी हे यंत्र शोधून काढले, असे ते म्हणाले. इतिहासाच्या दृष्टीने ही कथा टिकणारी नाही. सिंगरने १८५० मध्ये बोस्टन येथे एका कारखान्यात दुरुस्तीस आलेले यंत्र पाहिले आणि पैसा मिळविण्याच्या हेतूने ते सुधारले. तरीही गांधीजींच्या चुकीत एक सत्य दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. वस्तूचे मोल ठरविताना ती कोणी कोणासाठी केली, हे प्रथम विचारावयाचे, अशी त्यांची दृष्टी होती.

यंत्राने दुकान भरभराटले, हे कबूल केले पाहिजे. कित्येक विधवा भगिनींनी एका यंत्राच्या आधारावर मुले वाढविली. त्या यंत्रास नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु यंत्रापाठोपाठ तयार कपडे आले, आणि त्यांनी दुकानची सुई व घरची सुई या दोन्ही बहिणींस एकदमच घराबाहेर काढले. गाठोड्यात कातरण पडेनासे झाले. कुंची बाजारात मिळू लागली. गोधडी जाऊन रजई आली. बारशास पाकिटातून नोटा देण्याची पद्धत सुरू झाली, आणि पाकिटावर नाव लिहिले की आपले कर्तव्य झाले, असे आपण मानू लागलो.

अशा वेळी इतर प्रांतांनी आपापल्या घरच्या सुईचे काय केले, हे पाहणे बोधप्रद ठरेल. प्रथम पंजाबकडे वळू. कारण तो प्रांत आपणांस परका नाही. नामदेवरायांचे वास्तव्य गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे घडले, आणि २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानास भरले होते. तेथील शिंपी व रंगारी समाजात नामदेवांस आजही पूर्वजाप्रमाणे मानतात. त्या पंजाबात फुलकारी नावाचे भरतकाम आहे. जाड खादीवर, कापडाच्या उलट बाजूने, धागे मोजून, रेशमाने ते भरतात. सबंध कापड रेशमाने झाकून टाकले, म्हणजे त्यास ‘बाग’ म्हणतात. घरात नातू जन्मला की आजी असा एक बाग भरावयास घेई, आणि तो नातवाच्या लग्नात नव्या नातसुनेच्या अंगावर घातला जाई. विचार करा, जी मुलगी कोणत्या घरात आहे हे माहीत नाही, किंबहुना जी अद्याप जन्मलीही नसेल, तिच्यासाठी ही वृद्धा वर्षानुवर्षे टाके घालीत बसे. आपण नातसुनेचे तोंड पाहू, याची तरी तिला कोठे शाश्वती होती? दृष्ट लागू नये म्हणून त्या बागेत जाणूनबुजून एखादी चूकही ठेवीत.

पंजाबातून बंगालमध्ये जावे, तर तेथे आपल्या गोधडीची बहीणच भेटते. तिला ‘काँथा’ म्हणतात. जुन्या साड्यांचे थर, धावदोरा, साडीच्या काठातून उसवून काढलेला रंगीत दोरा, सारे आपल्यासारखेच. मात्र एक गोष्ट आपल्याहून निराळी. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याने खेड्यापाड्यांतून असे काँथे गोळा केले. त्यांच्या संग्रहात एकोणिसाव्या शतकातील मानदासुंदरी नावाच्या स्त्रीचा एक काँथा आहे. तिने तो आपल्या पित्यास भेट देण्यासाठी शिवला आणि हे आपण आपल्या हातांनी केले, असे त्यावर दोऱ्याने अक्षरे भरून लिहून ठेवले. त्या काळी स्त्रियांस अक्षर शिकविणे हे पाप समजणारी घरे कमी नव्हती. या बाईने सुईचीच लेखणी केली. आज तिचे नाव इतिहासात आहे, ते त्या एका ओळीमुळे. पुढे १९२९ मध्ये कवी जसीमुद्दीन यांनी ‘नक्शी काँथार माठ’ हे काव्य लिहिले. त्यातील नायिका आपली सारी दुःखकथा काँथ्यावर भरते व मरताना तो आपल्या कबरीवर घालावयास सांगते. बंगालने घरच्या सुईस संग्रहालयात जागा दिली आणि काव्यातही दिली.

आमच्या आजीस नाव लिहिता येत नव्हते, ही सबब खरी. परंतु आमच्या आईस लिहिता येत होते, बहिणींस येत होते, आणि आम्ही तर जन्मभर मुलांस अक्षरे गिरवावयास लाविली. आमच्यापैकी कोणासही गोधडीवर एक नाव घालावे असे सुचले नाही.

येथे एक आक्षेप येईल की, ही सारी बायकांची कामे, पुरुषांनी त्यात काय करावयाचे? आपल्या समाजात तरी हा आक्षेप घेणे शोभणारे नाही. कारण दुकानात सुई धरणारा हात पिढ्यानुपिढ्या पुरुषाचाच होता. तथापि मोठ्यांची दोन उदाहरणे देतो. पंडित जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात असताना सूत काढले, आणि त्या सुताची साडी नेसून त्यांची कन्या इंदिरा २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादेस बोहल्यावर उभी राहिली. श्रीमंत घराण्यातील पित्यास साड्यांची काय वाण होती? परंतु त्याने दिलेल्या साडीत त्याचे तुरुंगातील दिवस विणलेले होते.

दुसरे उदाहरण महात्माजींचे. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी जोडे शिवण्याची विद्या हस्तगत केली होती. वैश्य कुळात जन्मलेल्या मनुष्याने चामड्यास हात लावणे, हे त्या काळच्या समजुतीप्रमाणे किती मोठे धाडस होते, हे जातींच्या इतिहासात मुरलेल्या आपणांस निराळे सांगावयास नको. १९१३ मध्ये तेथील सरकारने त्यांस तुरुंगात टाकले. त्या तुरुंगवासात त्यांनी चपलांचा एक जोड तयार केला, आणि १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना तो जनरल स्मट्स यांस भेट दिला. हेच स्मट्स त्यांस तुरुंगात धाडणाऱ्या सरकारातील प्रमुख मंत्री होते. स्मट्स यांनी त्या चपला कित्येक उन्हाळे पायांत घातल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्या सन्मानपूर्वक परत केल्या. एवढ्या थोर पुरुषाच्या पादत्राणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या प्रसंगी लिहून ठेविले आहेत. पंचवीस वर्षे जे वादविवादाने साधले नसते, ते आरीच्या टाक्यांनी साधले. हाताने केलेली भेट आप्तास जवळ आणते, यात नवल नाही. ती विरोधकासही जवळ आणू शकते, असे हा इतिहास सांगतो.

आता एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती सांगताना लेखणी जड होते, पण इतिहास लिहावयास बसलेल्याने स्वतःचा दोष झाकू नये. आमच्या मातुःश्रींच्या निधनानंतर काही वर्षांनी आम्ही घराची दुरुस्ती काढली. माळ्यावर त्यांच्या हातची एक गोधडी होती. जड, विटलेली, एका कोपऱ्यास उसवलेली. पाहुण्यांसमोर ती काढावयाची आम्हांस लाज वाटे. एके दिवशी दारावर बोहारीण आली. इतर जुन्या कपड्यांबरोबर ती गोधडीही आम्ही तिला दिली आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला. सौदा चांगला झाला, असेही आम्हांस त्या वेळी वाटले. पुढे दिवाळीस आमची वडील बहीण माहेरी आली. रात्री अंथरुणे घालताना तिने विचारले, “दादा, आईची गोधडी कुठाय रे? तिच्या मधल्या थरात आबांचा सदरा आहे. दुकानात शेवटच्या दिवशी त्यांच्या अंगावर होता तो. आईने माझ्यादेखत घातलाय.”

आम्हांस उत्तर देता आले नाही. बहिणीनेही पुन्हा विचारले नाही. तो डबा आमच्या घरात अद्याप आहे.

आमच्या वडिलांनी आयुष्यभर किती लोकांचे कपडे शिवले असतील, याचा हिशेब नाही. त्यांतील एकही आज आमच्यापाशी नाही. त्यांच्या अंगावरचा जो एक कपडा आईने टाक्यांत जपून ठेविला होता, तो आम्ही घालविला. कारण एकच. त्यावर काही लिहिलेले नव्हते, आणि आम्ही कधी विचारलेही नव्हते.

म्हणून मंडळाच्या सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या घरी जी जुनी कुंची, दुपटे, गोधडी, रुमाल वा भरतकाम असेल, ते येत्या सुटीत बाहेर काढा. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसा आणि तिला चार गोष्टी विचारा: हे कोणी केले, कोणासाठी केले, कोणत्या गावी केले, आणि कोणत्या साली केले. साल आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या वा कोणत्या दुष्काळाच्या आगेमागे, ते विचारा. मग वीतभर पांढऱ्या कापडावर या चार गोष्टी दोऱ्याने भरून तो तुकडा मागील बाजूस शिवून टाका. शाई पुसली जाते, दोरा पुष्कळ टिकतो. शक्य झाल्यास पुढील वार्षिक मेळाव्यात अशा वस्तूंसाठी एक कोपरा राखून ठेवावा, अशी सूचना आम्ही चालकांपुढे ठेवीत आहोत.

आणि तरुण-तरुणींस इतकेच सांगावयाचे की, वर्षातून एक तरी भेट स्वतःच्या हाताने करा. ती सुबक नसली तरी चालेल. ज्याला द्यावयाची त्याचा विचार करीत जितका वेळ तुम्ही बसाल, तितका वेळ त्या वस्तूत शिल्लक राहील. मुलांनीही सुई धरण्यास लाजू नये. ती आपल्या वाडवडिलांची लेखणी आहे. बारशाच्या पाकिटात नोट घालण्यास हरकत नाही, परंतु तिच्यासोबत स्वतः शिवलेले एखादे टोपडे असू द्या. ते मूल मोठे होऊन विचारील की, हे कोणी केले? त्या वेळी उत्तर देणारे कोणी हयात नसले, तरी मागील बाजूस शिवलेली एक ओळ त्यास उत्तर देईल.

इत्यलम्.